'ई' या एका अक्षरावर किती कामं लादणार?

घारीची नजर

२०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने आपल्या नव्या जॅमिंग विमानाचं नाव ईसी-३७बी बदलून ईए-३७बी केलं. 'सी' म्हणजे वाहतूक, 'ए' म्हणजे हल्ला. गल्फस्ट्रीम जी५५० या प्रवासी जेटवर उभं केलेलं हे विमान शत्रूची संपर्कयंत्रणा ठप्प करायला जातं. त्याला वाहतुकीचं अक्षर शोभत नव्हतं, बदल योग्यच झाला. माझी तक्रार मात्र शेजारच्या अक्षराबद्दल आहे. 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक, ते जिथल्या तिथे राहिलं.

ज्यांना ही नावं वाचायची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आडव्या रेघेला चिकटलेलं अक्षर म्हणजे विमानाचं मूळ काम. त्याच्या डावीकडचं अक्षर म्हणजे नंतर गळ्यात पडलेलं काम. आरएफ-४सी घ्या. मूळ लढाऊ विमान, म्हणून 'एफ'. टेहळणीसाठी फेरफार केले, म्हणून आधी 'आर'. चार हा रचनेचा क्रमांक, शेवटचं 'सी' ही आवृत्ती. इथवर सगळं स्वच्छ आहे.

आता ही चार विमानं बघा. ई-३ सेंट्री पाठीवरच्या फिरत्या तबकडीतून दूरवरची विमानं हेरतं. ईए-१८जी ग्राउलर शत्रूचं रडार आंधळं करतं. ईपी-३ई २०२५ मध्ये निवृत्त होईपर्यंत कान लावून ऐकत बसायचं. ई-४ हे अणुयुद्धाच्या प्रसंगी हवेतून आदेश देण्यासाठीचं विमान. चौघांच्या कपाळी तेच 'ई'.

पूर्वी असं नव्हतं. १८ सप्टेंबर १९६२ रोजी तिन्ही दलांची नावं एका पद्धतीत बसवली गेली. त्याआधी नौदलाकडे स्कायरेडर या विमानाचे दोन प्रकार होते. एडी-५डब्ल्यू, पोटाखाली रडारचा भला मोठा फुगवटा असलेलं, लांबून येणाऱ्याची वर्दी देणारं. आणि एडी-५क्यू, जॅमिंगचं. 'डब्ल्यू' आहे की 'क्यू' एवढं वाचलं की काम कळायचं. नव्या पद्धतीत ही झाली ईए-१ई आणि ईए-१एफ. फरक उरला तो फक्त शेवटच्या आवृत्तीच्या अक्षरात, आणि ते अक्षर कामाबद्दल अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं असं: जॅमिंगला वेगळं अक्षर द्या, ऐकणारी सगळी विमानं 'आर'मध्ये न्या आणि 'ई' रडारवाल्यांना ठेवा.

खिळेमोळे

साफ असहमत. मुळात 'ई'ची व्याख्या आहे 'खास इलेक्ट्रॉनिक सामग्री बसवलेलं'. पोटात काय भरलंय एवढंच ते सांगतं, आणि ते बरोबर सांगतं. हे नाव सुटे भाग मागवणाऱ्याला आणि देखभालीची पुस्तिका उघडणाऱ्याला लागतं. ग्राउलर घ्या. ज्या एफ/ए-१८एफवरून ते केलं, त्याच्या नाकातली तोफ काढून तिथे इलेक्ट्रॉनिक पेट्या बसवल्या. पंखांच्या टोकांना क्षेपणास्त्रं असायची, तिथे आता रिसीव्हर असतात. पाना हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे आधी कळायला हवं, आणि 'ई' तेच सांगतं.

दुसरं, ते रिसीव्हर कशासाठी आहेत? ऐकण्यासाठी. समोरचं रडार कुठे आहे, कोणत्या लहरींवर चालू आहे हे कळल्याशिवाय जॅम काय करणार? ऐकणं आणि गोंगाट करणं एकाच उड्डाणात चालतं. तुम्ही वाटणीची रेघ मारणार कुठे?

घारीची नजर

हेतूवर मारणार. ग्राउलर ऐकतं ते तिथल्या तिथे जॅम करण्यासाठी. ईपी-३ई ऐकायचं ते घरी नेण्यासाठी. १ एप्रिल २००१ ला चिनी जे-८ शी टक्कर होऊन २४ जणांसह हैनान बेटावर उतरावं लागलं ते हेच विमान. ते उडवणाऱ्या व्हीक्यू-१ या तुकडीचं अधिकृत नाव काय होतं? टेहळणी तुकडी. तुकडीला टेहळणी म्हणायचं आणि विमानाला 'ई' लावायचं? हवाई दलाचं आरसी-१३५ रिव्हेट जॉइंटही असंच सिग्नल टिपायला जातं, पण त्याला 'आर'. एकाच जातीचं काम, दोन दलं, दोन अक्षरं. ही विसंगती मला खरोखर सलते, कारण १९६२ चा सगळा खटाटोप नेमका हीच गोष्ट संपवण्यासाठी होता.

आणि अक्षर बदलता येत नाही असंही नाही. आरबी-६६सी मध्ये बॉम्बच्या जागी चार जणांची केबिन होती, ते चौघे रडारचे सिग्नल टिपत. १९६६ मध्ये त्याचं ईबी-६६सी झालं. बदलायचं मनात असलं की बदलतं.

तळ्यातमळ्यात

घारीची नजर यांच्याशी बरंचसं सहमत. ब्रिटिशांनी तेच ई-३ घेतलं आणि नाव ठेवलं सेंट्री एईडब्ल्यू१, म्हणजे हवेतून आगाऊ इशारा देणारं. ऐकणारं निमरॉड होतं आर१. तीन अक्षरं लागली तर लागू देत, अर्थ तरी कळतो.

मात्र बारीक वाटणीचाही घोळ होतो. सोव्हिएत याक-२८पी हे अडवणारं लढाऊ विमान, आणि याक-२८पीपी हे जॅमर. एक 'पी' वाढला की काम पार बदललं. घाईत लिहिलेल्या अहवालात एक अक्षर गळलं तर काय होईल, विचार करा.

जुनी वही

मी खिळेमोळे यांच्या बाजूने बोलते, पण माझं कारण वेगळं आहे. मी जुन्या नोंदी वाचते. १९४८ पूर्वी अमेरिकेत 'एफ' म्हणजे फोटो. पी-३८ लायटनिंगचे कॅमेरेवाले प्रकार म्हणजे एफ-४ आणि एफ-५, बी-२९ चा कॅमेरेवाला प्रकार एफ-१३. मग 'एफ' लढाऊ विमानांना दिलं आणि टेहळणीकडे 'आर' आलं. दुसऱ्या महायुद्धातल्या नोंदीत एफ-४ दिसलं की आजही कुणीतरी ते नंतरचं एफ-४ फँटम लढाऊ विमान समजून बसतो. अक्षराचा अर्थ फिरवला की मागचं सगळं लिखाण गढूळ होतं. आणखी एकदा फिरवू नका.

शिवाय 'आर' तुम्हाला एवढं प्रामाणिक का वाटतं? यू-२ इतकं निव्वळ टेहळणीचं विमान शोधून सापडणार नाही, आणि त्याला 'यू' दिलं, म्हणजे किरकोळ कामाचं. हेतू लपवायचा होता म्हणूनच. एसआर-७१ मधला 'एस' हा 'स्ट्रॅटेजिक'चा, पण यादीत 'एस' पाणबुडीविरोधी विमानांचा.

खिळेमोळे

जुनी वही, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्यालाच जोडून विचारतो: घारीची नजर, अक्षर आणणार कुठून? 'डब्ल्यू' १९६२ पासून हवामानाचं आहे, चक्रीवादळात शिरणारं डब्ल्यूसी-१३० त्याच अक्षराचं. 'क्यू' मानवरहित विमानांना गेलं. जॅमिंगसाठी 'जे' सुचेल, पण ते तात्पुरत्या खास चाचणीसाठी वापरतात. नौदलाची जुनी अक्षरं आता परत मिळणार नाहीत.

घारीची नजर

जुन्या नोंदींचा मुद्दा मान्य. म्हणून मागची नावं बदला असं आता म्हणत नाही, ते मागे घेतो. ऐकणाऱ्यांसाठी नवं अक्षर लागतच नाही, 'आर' आहे. जॅमिंगसाठी ब्रिटिशांसारखी जोडी चालेल, एकच अक्षर हवं हा माझाही हट्ट नाही. पण नवीन येणाऱ्यांचं काय? पाणबुड्यांपर्यंत आदेश पोचवणाऱ्या ई-६ च्या जागी जे विमान येतंय, त्याचं नाव ठरलंय ई-१३०जे. संदेशवहन हे 'ई'कडचं पाचवं काम. तिथे तर जुनी नोंद गढूळ होण्याचा प्रश्नच नव्हता, कोरी पाटी होती.