फायब्रोब्लास्टचं मीडियम टाकूनही स्क्रॅच भरत नाही, मदत हवी आहे

पिपेटवाला: त्वचेच्या फायब्रोब्लास्टवर (आतल्या थरातल्या पेशी) ४८ तास ठेवलेलं मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) केराटिनोसाइटवर (वरच्या थरातल्या पेशी) टाकतोय, त्यांच्या थरात जखमेसारखा ओरखडा म्हणजे स्क्रॅच काढून. २४ तासांनंतरही स्क्रॅच जवळपास तेवढाच. कंट्रोल मात्र छान भरतो. मीडियममध्ये केजीएफ (केराटिनोसाइट वाढवणारं प्रथिन) आहे, एलायझा चाचणीत दिसलं. सोमवारी गाईडना फोटो द्यायचेत, लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: केराटिनोसाइट हॅकॅट (कायम वाढत राहणारी तयार सेल लाइन) की प्रायमरी (थेट त्वचेतून काढलेल्या)? मीडियम कुठलं? सीरम किती? कंट्रोल म्हणजे काय? की पत्रिका बघून सांगायचं?

गावठी_डॉक्टर: मधुमेही पायाच्या जखमेसाठी पीडीजीएफ या वाढ-प्रथिनाचं ०.०१ टक्के जेल अमेरिकेत १९९७ पासून आहे, आपल्याकडे ईजीएफ या दुसऱ्या वाढ-प्रथिनाचंही मिळतं. पण आधी मेलेला भाग काढा आणि पायावरचा भार कमी करा. नाहीतर जखमेतले प्रोटिएज जेलमधलं प्रथिन फस्त करतात.

पिपेटवाला: अहो, पेशंट नाही, प्लेट आहे.

शून्यटक्के: पीडीजीएफ इथे चालणारही नाही. केराटिनोसाइटवर त्याचे रिसेप्टर नसतात, फायब्रोब्लास्टवर असतात. तुम्ही आधी विभाजन थांबवणारं मायटोमायसिन सी द्या, मिलीला १० मायक्रोग्रॅम, २ तास, मग दोनदा धुवा. त्याशिवाय पेशी सरकल्या की वाढल्या हे कळतच नाही.

सूक्ष्मदर्शी: स्क्रॅच भरतच नाहीये, मग विभाजन थांबवून काय साधणार?

शून्यटक्के: भरायला लागल्यावर रिव्ह्यूअर पहिला प्रश्न हाच विचारेल.

पिपेटवाला: प्रायमरी, तिसरा पॅसेज. फायब्रोब्लास्ट डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये, त्या ४८ तासांत सीरम नाही. कंट्रोल म्हणजे केराटिनोसाइटचं रोजचं मीडियम.

केराटिन_काकू: मग घोळ कॅल्शियमचा आहे. डीएमईएममध्ये ते १.८ मिलिमोलर, केराटिनोसाइटच्या मीडियममध्ये साधारण ०.०६ ते ०.०९. जास्त कॅल्शियम मिळालं की प्रायमरी पेशी डेस्मोसोम बांधून एकमेकींना चिकटतात आणि डिफरन्शिएट (पक्व) व्हायला लागतात. मग केजीएफ कितीही असो, जागच्या हलत नाहीत. हॅकॅट डीएमईएममध्ये मजेत वाढतात, म्हणून पेपरमधली पद्धत तुमच्याकडे चालत नाही. शिवाय तुमच्या कंट्रोलमध्ये बहुधा ईजीएफ आणि पिट्युटरी एक्स्ट्रॅक्ट आहे, म्हणजे ती तुलनाच नव्हे.

फायब्रोब्लास्ट ८० टक्के भरले की पीबीएसने (मिठाचं बफर) दोनदा धुवा. मग केराटिनोसाइटचं बेसल मीडियम, सप्लिमेंट न घालता, फक्त ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन). तो नसला तर फॅक्टर (केजीएफसारखी वाढ-प्रथिनं) प्लास्टिकला चिकटून जातात. २४ तास पुरे. पेशी सुटायला लागल्या तर त्याआधीच काढा. मग ते मीडियम सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी, १० मिनिटं, ०.२२ मायक्रॉनचा पीईएस फिल्टर, छोटे भाग करून उणे ८० अंशांना, एकदाच वितळवा. वापरताना ताज्या बेसलमध्ये निम्मं-निम्मं, कारण ग्लुकोज, ग्लुटामिन पेशींनी खाल्लेलं असतं. कंट्रोलला हेच मीडियम रिकाम्या फ्लास्कमध्ये २४ तास ठेवलेलं. आणि एका वेलमध्ये ईजीएफ, मिलीला १० नॅनोग्रॅम. तिथेही भरलं नाही तर पेशीच थकल्यात.

पिपेटवाला: सोमवारपर्यंत हे नव्याने होणार नाही. आहे तेच वाचवता येईल का?

शून्यटक्के: १० केडीएच्या (किलोडाल्टन, रेणूच्या वजनाचं माप) स्पिन फिल्टरने आटवा.

केराटिन_काकू: १० नको, ३ चा घ्या. ईजीएफ जेमतेम ६ केडीए, १० मधून निसटेल. आणि नुसतं आटवून कॅल्शियमचं प्रमाण तेच राहतं. दहापट आटवा, कमी कॅल्शियमच्या बेसलने मूळ आकारमानावर आणा, असं दोनदा. कोरं डीएमईएमही तसंच करून कंट्रोलला ठेवा.

गावठी_डॉक्टर: भार कमी करायला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट (पायाला घट्ट बसणारं प्लास्टर) कोणी सुचवत कसं नाही?