पहिल्यांदाच पिल्लू घरी आणतोय, तयारी काय काय करू? (सांगली)

गावभागातली

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर कुणी कुत्रं पाळलेलं नाही, माहेरीही नाही आणि सासरीही नाही. त्यामुळे अगदी श्रीगणेशापासून विचारतेय.

कवठेमहांकाळच्या पुढे माझ्या मामेभावाचा मळा आहे. तिथली कुत्री 11 मे रोजी व्यायली, पाच पिल्लं झाली. आई गावठी. बाप मेंढरांबरोबर फिरणारा कारवानी जातीचा असावा असं भाऊ म्हणतो, कारण दोन पिल्लांचे पाय आत्तापासूनच लांबसडक दिसतात. त्यातलंच एक, तपकिरी रंगाचं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, माझ्या लेकीनं पसंत केलंय. मादी आहे. नावही ठरलंय, चिंगी.

भाऊ म्हणतो, महिन्याचं झालं की घेऊन जा, लहानपणी नेलं की लळा लवकर लागतो. लेकीची शाळा 15 जूनला सुरू होणार, म्हणून येत्या रविवारीच आणावं असं आमचं चाललंय. निदान आठवडाभर तरी ती दिवसभर पिल्लाजवळ राहील. नंतर घरी सासूबाई असतात. त्यांचा विरोध नाही, पण "शी-शू कोण काढणार?" हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली भाडेकरू. मध्ये मातीचं अंगण आहे, तिथं पिल्लू खेळेल असं मनात आहे. खायला दूध-पोळी चालेल ना? रात्री कुठं झोपवायचं? आणि पावसाळा तोंडावर आलाय. 2019 आणि 2021 ला आमच्या खालच्या घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा या दिवसांत पिल्लू आणावं की नाही, हेही कळत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. भाडेकरूंनी फेब्रुवारीत एक पिल्लू आणलं होतं, ते आठवड्याभरातच उलट्या-जुलाबानं गेलं बिचारं. त्याची वेताची टोपली, गादी आणि स्टीलची वाटी माळ्यावर तशीच आहे. ती वापरली तर चालेल का? उगाच नवीन कशाला घ्यायचं, म्हणून विचारलं.

कृष्णाकाठ

ताई, तुम्ही ज्याला बारीक गोष्ट म्हणताय, तिथूनच सुरुवात करतो. ती टोपली आणि गादी आजच जाळून टाका. माळ्यावरून काढताना अंगणातून ओढत नेऊ नका, पिशवीत बांधून न्या.

एवढ्या कळकळीनं का लिहितोय ते सांगतो. चार वर्षांपूर्वी मीही असंच एक पिल्लू आणलं होतं, 32 दिवसांचं. देणाऱ्यानं सांगितलं, एकदम तब्येतदार आहे, काही काळजी करू नका. आणि होतंच ते तब्येतदार. माझ्या चपलेत तोंड खुपसून झोपायचं, मी चप्पल घालायला गेलो की झोपेतच गुरगुरायचं. सहाव्या दिवशी सकाळी त्यानं वाटीकडं बघितलं आणि मान फिरवली. मला वाटलं, ऊन लागलं असेल. दुपारी पिवळ्या फेसाची उलटी झाली. मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलो. ते थांबणं मला अजून टोचतं. सकाळी रक्ताची पातळ शी, आणि त्या शीला जो वास येतो तो एकदा आला की माणूस विसरत नाही. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, पार्व्हो. दोन दिवस सलाईन चाललं. पुढच्या पायाला लावलेली पांढरी चिकटपट्टी ते चाटत बसायचं, तेवढीच ताकद उरली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं.

तुमच्या भाडेकरूंचं पिल्लू कशानं गेलं ते मी इथं बसून सांगू शकत नाही. पण आणल्यापासून आठवड्यात, उलट्या-जुलाबानं, एवढं वाचल्यावर ते पार्व्होच होतं असं धरून चाला. तो विषाणू शीतून पडतो आणि मातीत, फटींत, गादीत कित्येक महिने, कधी कधी वर्षभरसुद्धा टिकतो. साध्या फिनाइलनं मरेल या भरवशावर राहू नका. ब्लीचनं मरतो. फरशी, जिना, ती वाटी, सगळं आधी साबणानं धुवा, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी या प्रमाणात पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं धुवा. अंगणातल्या मातीला मात्र हा उपाय नाही. त्यामुळे चिंगीचं अंगण सध्या बंद. लसी पूर्ण होईपर्यंत तिचा पाय त्या मातीला लागता कामा नये. तुमच्या चपलाही जिन्याखाली काढा, वर नेऊ नका.

आता रविवारचं. ताई, रविवारी आणू नका. 11 मे म्हणजे 6 जुलैला आठ आठवडे होतात. तोवर तिला आईजवळ राहू द्या. विकणाऱ्यांनी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये असा केंद्र सरकारचा 2017 चा नियमच आहे. तुमचा भाऊ विकत नाहीये हे मान्य, पण पिल्लाचं शरीर तेच. चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांशी मस्ती करताना शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. हा धडा तुमच्या लेकीच्या बोटांवर शिकण्यापेक्षा तिथंच शिकलेला बरा. लळ्याची काळजी सोडा. माझी आत्ताची कुत्री दोन महिने पूर्ण झाल्यावर आली आणि मी गल्लीच्या तोंडाशी आलो की तिला गाडीच्या आवाजावरून कळतं.

मधल्या महिन्यात भावाकडून दोन कामं करून घ्या. एक म्हणजे जंताचं औषध. ते दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी द्यायचं असतं. आत्तापर्यंत दिलं नसेल तर या आठवड्यातच डॉक्टरांना वजन सांगून द्यायला लावा. दुसरं म्हणजे पहिली लस, ती सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. पुढच्या लसी दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेर. लोक विचारतात, एकच लस इतक्यांदा कशाला? आईच्या चिकातून पिल्लाला जे संरक्षण मिळतं तेच सुरुवातीला लसीला अंगी लागू देत नाही. ते कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एक टोचून घेतली आणि झालं असं समजून मधल्या काळातच पिल्लं जातात. रेबीजची तीन महिन्यांना, म्हणजे 11 ऑगस्टच्या सुमारास.

पुराचं म्हणाल तर तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, आणायला हरकत नाही. पण दार असलेली एक मजबूत पेटी किंवा पिंजरा घ्या आणि पहिल्या दिवसापासून तिला त्यातच झोपायची सवय लावा. 2019 ला आमच्या गल्लीतून होडीत बसताना लोकांच्या हातात कुत्री होती आणि ती घाबरून उड्या टाकत होती, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याचं कळलं की धोक्याच्या 45 ची वाट बघू नका, माणसांच्या पिशवीबरोबर तिचीही पिशवी भरा. लसीचं कार्ड प्लास्टिकमध्ये ठेवा. पुराचं पाणी ओसरल्यावर जो चिखल राहतो त्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. लस घेताना त्यात लेप्टो आहे का, हे तोंडानं विचारा.

मिरज_तिसरा_मजला

दादांनी मोठं काम केलंय, मी फक्त सासूबाईंच्या प्रश्नाचं बघते, कारण आमच्याकडेही तोच प्रश्न होता.

पिल्लू कधी शू करणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं: झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळानं आणि खेळता खेळता अचानक जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की. या तिन्ही वेळी उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. तुमच्याकडे अंगण बंद, तर गच्ची किंवा बाल्कनीचा एक कोपरा ठरवा आणि तो बदलू नका. तिथं केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि एखादा दाणा खाऊ. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास धरू शकतं, त्यामुळे चूक होणारच. तेव्हा नाक घासणं, ओरडणं अजिबात नको. ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि मग सोफ्याच्या मागं जाऊन करतं. आमच्या काळूनं हे आम्हाला करून दाखवलंय.

शूचा वास राहिला तर ते पुन्हा तिथंच जातं, म्हणून घरात रोजच्या पुसण्याला मी पांढरं व्हिनेगर आणि पाणी वापरते. फिनाइल नको, पिल्लू पाय चाटतं. आणि हे नीट लक्षात ठेवा: दादांनी सांगितलेलं ब्लीच आणि हे व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. ब्लीचचं काम चिंगी यायच्या आधीच उरकून टाका.

टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात, वाढत्या सांध्यांना ते वाईट. आम्ही गुळाच्या अडत्याकडून रिकामी बारदानं आणली, धुऊन वाळवून हॉलभर अंथरली. महिनाभर घर गोदामासारखं दिसत होतं, पण काळू त्यावर मस्त पळायचा.

पहिल्या तीन रात्री ती रडेल. रडू द्या म्हणणारे भेटतील, ऐकू नका. आयुष्यात पहिल्यांदाच एकटी झोपणार आहे ती. पेटी तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, वरून हात खाली सोडला की तिला वास येईल इतक्या जवळ. भावाला आजच सांगा, ती सगळी पिल्लं आईजवळ झोपतात तिथं एक जुनं कापड टाकून ठेव. ते न धुता आणायचं. रात्री दोनचा गजर लावा, उचलून शूला न्या, न बोलता परत ठेवा. आमच्याकडं हे अठरा दिवस चाललं.

आणि ऑगस्टपर्यंत जमिनीवर सोडायचं नाही म्हणजे घरात कोंडायचं असं नाही. कडेवर घेऊन फिरवा. रिक्षा, भाजीवाल्याची हाळी, छत्रीवाला माणूस, कुकरची शिट्टी, सगळं तीन-साडेतीन महिन्यांच्या आत बघितलेलं असलं की मोठेपणी भीती कमी राहते. गणपतीत ढोल वाजणार आहेत, हे ध्यानात ठेवा.

तासगाव_बागायतदार

ताई, दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही. पोट भरतं, अंग भरत नाही. गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचतही नाही, ढाळ लागते आणि मग दुखणं आहे का दूध बाधलंय हेच कळत नाही. दिवसातनं चार वेळा थोडं थोडं द्या. भाऊ आत्ता जे घालतोय तेच पहिला आठवडा घाला, मग हळूहळू पिल्लांचं तयार खाणं किंवा उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, मऊ भात असं डॉक्टरला विचारून चालू करा. शिजलेलं हाड देऊ नका, त्याच्या कपच्या आतड्यात घुसतात. आणि कॅल्शियमच्या बाटल्या आपल्या मनानं पाजू नका.

पण मी लिहायला बसलो ते बेदाण्यासाठी. आपल्या जिल्ह्यात बेदाणा नाही असं घर नाही. पाहुण्याला वाटीभर, पोरांच्या खिशात, शिऱ्यात, सत्यनारायणाच्या प्रसादात. कुत्र्याला तो विष आहे. द्राक्षंही. मूत्रपिंड बंद पडतं. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं आता मानतात, आणि म्हणूनच चिंचही नको. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, एखाद्याला मूठभर पचतो आणि एखाद्याला थोडक्यातही भोवतो. आमच्या शेडवरच्या वाघ्यानं रॅकखाली सांडलेला बेदाणा खाल्ला. दोन तासात उलट्या झाल्या, उलटीत फुगलेले बेदाणे दिसले म्हणून कळलं. तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेला, तीन दिवस सलाईन चाललं, वाचला. सासूबाईंना हे आवर्जून सांगा, कारण माया करायला म्हणून प्रसाद त्याच देणार. कांदा, लसूण, चॉकलेट हेही बंद. आपली तापाची, अंगदुखीची गोळी कधीच नाही.

मळ्यातनं येताना गोचीड येणार. भावाकडं गोठ्यातलं गोचिडाचं औषध असंल, ते अंदाजानं पिल्लाला लावू देऊ नका. पिल्लाचं वेगळं असतं, वजनावर ठरतं.

गावभागातली

सगळं दोनदा वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. बेदाण्याचं ऐकून त्यांनी स्वतः उठून देवघरातला डबा वरच्या फळीवर ठेवला.

कृष्णाकाठ दादा, तुमचं वाचून भाडेकरूंकडे गेले. डॉक्टरांचा कागद त्यांनी ठेवला होता. पार्व्होच लिहिलंय. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की तो मातीत राहतो. टोपली आणि गादी काल जाळली.

लेकीला रविवारचं रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा खूप रडली. मग मी तिला तुमच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. आता कॅलेंडरवर 6 जुलैला तिनं टिळा काढून ठेवलाय.

एकच शंका: खेळताना चिंगीचा दात लेकीला लागून रक्त आलं तर? रेबीजची लस तर ऑगस्टमध्ये आहे.

कृष्णाकाठ

वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. लस घ्यायची की नाही ते त्यांना ठरवू द्या. चिंगीच्या आईला रेबीजची लस दिलीय का, तेवढं भावाला आत्ताच विचारा. नसेल तर त्याच फेरीत तिलाही टोचून घ्या.

गावभागातली

विचारलं. आईला कधीच दिली नव्हती. डॉक्टर गुरुवारी मळ्यावर येणार आहेत, आई आणि पाचही पिल्लं दाखवायचं ठरलंय, खर्च आम्ही निम्मा-निम्मा करतोय. लेकीनं तिच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा बसनं पाठवलाय. भावानं तो पिल्लांखाली टाकल्याचा फोटो आत्ताच आला. चिंगी नेमकी त्यावरच झोपलीय, की तिला कुणी उचलून ठेवलंय, यावर घरात चर्चा चालू आहे.