नाकामुराने स्ट्रीमिंग केलं नसतं तर तो जगज्जेता झाला असता का?

अडीच घरं (धागाकर्ता) :

अमेरिकन बुद्धिबळपटू हिकारू नाकामुराचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "एवढी गुणवत्ता होती, पण कॅमेऱ्यासमोर बसून वाया घालवली." मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते लिहितो. ज्यांना पटतं त्यांनी खाली मनमोकळं भांडावं.

जन्म १९८७, जपानमधल्या हिराकाता गावात. दोन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं. सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे, स्वतः फिडे मास्टर (जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेचा किताब) आणि नावाजलेले प्रशिक्षक, त्यामुळे पट घरातच होता. २००३ मध्ये १५ वर्षं ७९ दिवसांचा असताना ग्रँडमास्टर झाला आणि बॉबी फिशरचा अमेरिकन विक्रम जवळपास तीन महिन्यांनी मोडला. पुढे पाच वेळा अमेरिकेचा विजेता. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झीची टाटा स्टील स्पर्धा जिंकली, तीही आनंद, कार्लसन, अरोनियन, क्रामनिक यांना मागे टाकून. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये रेटिंग (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) २८१६.

आता माझा मुद्दा. हे सगळं स्ट्रीमिंगच्या आधीचं. तेव्हा तो पूर्ण वेळ बुद्धिबळ खेळत होता. वय, तयारी, मदतनीस, कशाचीच कमतरता नव्हती. तरी २०१६ च्या मॉस्को कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) १४ पैकी ७ गुण. कार्लसनविरुद्ध क्लासिकलमध्ये (तासन्‌तास चालणाऱ्या डावांत) बारा पराभव झाल्यावर २०१६ ला बिल्बाओत पहिला विजय. नंतरच्या काही वर्षांत रेटिंग घसरत २७४० च्या खाली आलं. स्ट्रीमिंगने कारकीर्द खाल्ली म्हणणाऱ्यांनी ही उतरण कुठे बसवायची ते सांगावं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ट्विच या स्ट्रीमिंग साइटवर त्याचा प्रेक्षक प्रचंड वाढला. टीएसएम या ई-स्पोर्ट्स संस्थेने त्याच्याशी करार केला. दोन वर्षांहून जास्त काळ क्लासिकल पटावर न बसलेल्या या माणसाला २०२२ च्या फिडे ग्राँ प्रीत अध्यक्षांच्या कोट्यातून जागा मिळाली. त्याने बर्लिनचा टप्पा जिंकला आणि माद्रिदच्या कँडिडेट्समध्ये पोचला. त्याच वर्षी रेक्याविकला फिशर रँडमचा (मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडतात तो प्रकार) जगज्जेता झाला. २०२३ ला नॉर्वे चेस जिंकून जगात दुसरा, आणि २०२४ ला पुन्हा २८०० च्या वर. चौतिशी-पस्तिशीनंतर बुद्धिबळपटू उतरणीला लागतात, हा तेव्हाच वर चढला.

माझ्या मते कारण सरळ आहे. हरलो तर पुढच्या वर्षाचं काय, कोणती आमंत्रणं येतील, ही चिंता संपली. पोट दुसरीकडे भरत होतं, म्हणून पटावर तो धीट झाला.


काळी मोहरी :

सपशेल असहमत. तुम्ही आलेखाचा चढ दाखवलात, शेवटची पायरी गाळलीत.

माद्रिद २०२२. शेवटच्या फेरीआधी नाकामुरा ७.५, डिंग लिरेन ७. दोघांचाच डाव, डिंगची मोहरी पांढरी. नाकामुराला बरोबरी पुरेशी होती, दुसरा क्रमांक पक्का झाला असता. तो हरला. काही आठवड्यांत कार्लसनने आपण किताब राखायला खेळणार नाही असं जाहीर केलं, आणि दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, म्हणजे डिंग, २०२३ ला अस्तानात माद्रिदचा विजेता नेपोम्नियाची याच्याशी खेळला आणि जगज्जेता झाला.

जगज्जेतेपदाची लढत अर्ध्या गुणावर होती! आणि या स्पर्धेत नाकामुरा काय करत होता? रोज डाव संपला की त्याचं विश्लेषण व्हिडिओवर टाकत होता. बाकीचे सात जण त्या वेळात झोपत होते, फिरायला जात होते, मदतनिसांबरोबर दुसऱ्या दिवसाची ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) बघत होते. चौदा फेऱ्यांत असा वेळ किती जातो याचा विचार करा. शेवटच्या फेरीत थकवा दिसणारच.

धीटपणा आला हे मान्य. पण कँडिडेट्स जिंकायला तेवढं पुरत नाही.


एंडगेमवेडी :

काळी मोहरी, व्हिडिओमुळे थकला याला पुरावा नाही. आधीच्या तेरा फेऱ्यांत तेच व्हिडिओ करून तो दुसरा होता ना? कित्येक खेळाडू डाव संपल्यावर रात्रभर तीच चूक मनात घोळवतात. हा ती बोलून मोकळा होतो. स्वतःचा डाव शब्दांत मांडणं हा अभ्यासच आहे, आमच्या सरांनी लहानपणी हेच करून घेतलं.


गोदाकाठ :

नाशिकचा असल्यामुळे मला यात पडावंच लागणार.

२०२४ ची टोरांटो कँडिडेट्स. नाकामुराचे पाच विजय, सात बरोबऱ्या, दोन पराभव, एकूण ८.५. गुकेश ९. आणि ते दोन्ही पराभव आपल्या विदित गुजराथीकडून! दुसऱ्या फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी, बर्लिन नावाच्या ओपनिंगमध्ये, अकराव्या चालीला एच३ या घरावर उंटाचा बळी दिला. ती घरून करून आणलेली तयारी होती. नाकामुरा विचारात बुडाला तो बाहेर आलाच नाही. क्लासिकलमध्ये ४७ डाव न हरण्याची त्याची मालिका तिथे तुटली. नवव्या फेरीत विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी परत हरवलं. बाकी सहा जणांपैकी एकालाही त्याला हरवता आलं नाही.

नाशिकचा मुलगा आडवा आला नसता तर गुकेशच्या जागी नाकामुरा असता, असं मी अभिमानाने सांगतो. पण काळी मोहरींचा मुद्दा मला इथे खरा वाटतो. बर्लिन ही नाकामुराच्या हाडात भिनलेली ओपनिंग, आणि तिच्यातच त्याला नवी चाल खावी लागली. ही तयारीतली तफावत आहे. विदितच्या मागे महिनोन्‌महिने राबणारी माणसं होती.


अडीच घरं :

गोदाकाठ, डाव मी लाइव्ह पाहिला होता, तुमच्या आनंदात सामील आहे. पण एवढंच लक्षात घ्या, त्या कँडिडेट्सला विदित आणि नाकामुरा दोघेही एकाच दारातून आले होते. २०२३ ची आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस. अकरा फेऱ्या, जगातले शंभरावर तगडे खेळाडू. विदित पहिला, नाकामुरा दुसरा. ज्याची तयारी कॅमेऱ्याने खाल्ली तो अशा स्पर्धेत दुसरा येत नाही.

घरच्या तयारीपुढे हरणं तर सगळ्यांच्या वाट्याला येतं. कास्पारोव्हच्याही आलं.


तिरकी चाल :

तुम्ही सगळे २०२४ वर थांबलात. २०२५ चं कोण बोलणार?

पुढच्या कँडिडेट्ससाठी सरासरी रेटिंगवर एक जागा होती, अट अशी की ठरावीक काळात किमान ४० क्लासिकल डाव झाले पाहिजेत. नाकामुराकडे रेटिंग होतं, डाव नव्हते. मग तो लुइझियाना राज्य अजिंक्यपद, आयोवा ओपन अशा स्पर्धांत जाऊन आपल्यापेक्षा कित्येक शे रेटिंगने खाली असलेल्यांशी खेळला आणि कोटा भरला. जगातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू! नियमात बसतं, मला माहीत आहे. पण वर्षभर एरिगैसी, प्रज्ञानंद, अब्दुसत्तारोव्ह एकमेकांची डोकी फोडत होते, रेटिंग गमावत होते, कमावत होते. याने आपलं रेटिंग तिजोरीत ठेवलं. याला मी कारकीर्द म्हणत नाही, हिशेब म्हणतो.

आणि ऑलिंपियाड, देशांच्या संघांची स्पर्धा? २०१६ ला बाकूमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळालं, १९७६ नंतरचं पहिलं, तेव्हा तो दुसऱ्या पटावर होता आणि छान खेळला. २०२२ ला चेन्नईत नाही, २०२४ ला बुडापेस्टमध्ये नाही. देशाकडून खेळायला वेळ नाही, आयोवाला जायला आहे.


न्यू जर्सी :

इथे राहतो, मुलगी शनिवार-रविवारच्या ओपनमध्ये खेळते, म्हणून दुसरी बाजू सांगतो. या स्पर्धा कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये होतात. प्रवेश फी पालक भरतात, बक्षिसं फीमधूनच निघतात. अशा ठिकाणी जगातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस समोर येऊन बसणं ही त्या खेळाडूंच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट आहे! शिवाय डाव फुकटचे नव्हते. तिथे एक बरोबरी झाली तरी त्याचं रेटिंग घटलं असतं. त्याने जोखीम घेतली.

त्याच सुमारास फिडेने नियमही बदलला. आधी कितीही कमकुवत खेळाडूला हरवलं तरी फरक ४०० धरला जायचा आणि जिंकणाऱ्याला थोडे गुण मिळायचेच. २६५० च्या वरच्यांसाठी ती सवलत काढून टाकली.


तिरकी चाल :

जोखीम पटते. पण फिडेला नियम बदलावा लागला यातच सगळं आलं.


एंडगेमवेडी :

तिरकी चाल, मग एकच माप सगळ्यांना लावा. २०२२ ला रशियाच्या कारजाकिनवर बंदी आली आणि कँडिडेट्समधली जागा रिकामी झाली, तेव्हा डिंगकडे ३० डावांचा कोटा नव्हता. चीनने घाईघाईने घरच्या घरी डाव भरवले, डिंग महिनाभरात कोटा पूर्ण करून माद्रिदला आला. वर ज्या डिंगने नाकामुराला शेवटच्या फेरीत हरवल्याचं सांगितलंय, तोच हा डिंग! २०२३ च्या डिसेंबरात चेन्नई ग्रँड मास्टर्स भरली. गुकेश ती जिंकला आणि त्या गुणांवर टोरांटोला पोचला. तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

नियम चुकीचा असेल तर फिडेला जाब विचारा. आपल्या मुलाने केलं तर जिद्द, अमेरिकनाने केलं तर लबाडी, हे बरोबर नाही.


काळी मोहरी :

चेन्नईची स्पर्धा आणि आयोवा ओपन एका तागडीत बसत नाहीत. चेन्नईत एरिगैसी, हरिकृष्ण, अरोनियन होते. गुकेशला ती जिंकावी लागली, नुसता कोटा भरून भागलं नाही.


वरच्या कोपऱ्यातला हत्ती :

मला त्याच्या खेळापेक्षा वागण्याबद्दल बोलायचंय. ऑक्टोबर २०२५, टेक्सासमधलं आर्लिंग्टन, अमेरिका विरुद्ध भारत. गुकेशला हरवल्यावर नाकामुराने त्याचा राजा उचलून प्रेक्षकांत फेकला. समोर विद्यमान जगज्जेता बसलेला. गुकेशने शांतपणे मोहरी परत मांडली. हे बघून माझा जीव तुटला. मनोरंजनाची सवय लागली की असं होतं. नंतर कळलं की कार्यक्रमच त्या धर्तीचा होता आणि खेळाडूंना असलं काही करायला सांगितलं होतं. सांगितलं म्हणून करायचं?


अडीच घरं :

हत्ती, राजा फेकणं मलाही आवडलं नाही, त्याचं समर्थन करणार नाही. पण तो प्रदर्शनीय सामना होता. क्लासिकल पटावर तो गुकेशशी कसा वागला तेही आपण पाहिलंय. टोरांटोच्या शेवटच्या फेरीत नाकामुराची मोहरी पांढरी होती, त्याला जिंकणं भाग होतं, तरी गुकेशने बरोबरी साधली तेव्हा तो हात मिळवून गेला.


प्रशिक्षक, सांगली :

उशिरा लिहितोय. तुम्ही सगळे किताबाबद्दल बोलताय, मला पैशाबद्दल बोलायचंय, कारण माझ्याकडे दर महिन्याला पालक तेच विचारायला येतात.

जगातले वीस-पंचवीस खेळाडू सोडले तर फक्त बक्षिसांवर घर चालत नाही. ग्रँडमास्टर होईपर्यंत विमानाची तिकिटं, परदेशी हॉटेलं, प्रशिक्षकाची फी यात आईबापांची बचत जाते. नोकरी मिळालीच तर रेल्वेत किंवा एखाद्या पेट्रोलियम कंपनीत, तीही निवडक मुलांना. नाकामुराने २०२० ला दाखवून दिलं की लोक बुद्धिबळ बघायला येतात आणि त्यावर खेळाडू जगू शकतो. त्याच लॉकडाऊनमध्ये आपल्याकडे विदित आणि समय रैना यांनी स्ट्रीमिंग सुरू केलं, कितीतरी मुलं त्या वेळी पटाकडे वळली. माझ्या वर्गातली संख्या तेव्हा वाढली ती टिकली आहे.

म्हणून "जगज्जेता झाला असता का" याचं माझं उत्तर, बहुधा नाही. २०१३ ते २०२३ जगज्जेता कार्लसन होता, आणि कार्लसनला सामन्यात हरवणारा नाकामुरा मला तरी दिसत नाही. पण अमेरिकेत फिशरनंतर बुद्धिबळाला सामान्य घरात कुणी नेलं असेल तर याने. अमेरिकेचाच करुआना त्याच्याहून अचूक खेळतो, २०१८ ला लंडनमध्ये कार्लसनशी बारा डाव बरोबरीत सोडवले, तरी अमेरिकेतल्या शाळेतल्या पोराला नाव विचारा, हिकारूच सांगेल.


काळी मोहरी :

सर, तुमचं सगळं मान्य, आणि म्हणूनच माझा राग आहे. लोकप्रियता त्याला २०२१ पर्यंत मिळून गेली होती. चॅनेल त्याशिवायही चाललं असतं. माद्रिदचे ते तीन आठवडे आणि आधीचे तीन महिने कॅमेरा बंद ठेवला असता, दोन चांगले मदतनीस घेतले असते, तर? डिंगविरुद्ध एका बरोबरीचा प्रश्न होता. चौतिसाव्या वर्षी अशी संधी आली होती.


गोदाकाठ :

यावर काळी मोहरींना +१. आणि टोरांटोतला तो डाव ज्यांनी बघितला नाही त्यांनी पटावर मांडून बघाच. एच३ वरच्या उंटानंतर पांढऱ्याच्या राजासमोरची प्यादी मोडली आहेत, आणि काळ्याने उंट दिला असूनही तो निवांत आहे.


अडीच घरं :

मांडतो. काळी मोहरी, तुमच्या "तर"चं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की २०१६ ला कॅमेरा बंदच होता.