टेकऑफ डिस्टन्सचे 15 टक्के इंजिन गेल्यावर का नाही लावत?

निळंआभाळ: पायलटच्या परीक्षेतला परफॉर्मन्सचा पेपर जवळ आलाय आणि एका जागी गाडी अडलीय. ट्विन जेटला टेकऑफ डिस्टन्स दोनदा काढतात, एकदा सगळी इंजिनं चालू धरून 35 फूट उंची गाठेपर्यंतचं अंतर गुणिले 1.15, आणि एकदा वी-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो, त्या वेगाला) इंजिन गेलं असं धरून 35 फुटांपर्यंत, मग जे मोठं ते घ्यायचं. पण इंजिन गेल्यावरच जास्त मार्जिन पायजे ना? तिथे 15 टक्के का नाहीत? आणि आमच्या छोट्या, एका इंजिनाच्या सेसना 172 च्या पुस्तकातल्या आकड्यात हे धरलेत का?

रनवे२७: अरे, नेमकं त्याच क्षणाला इंजिन जाणं हेच मुळात फार क्वचित घडतं, म्हणजे सगळ्यात वाईट वेळ आधीच हिशेबात धरलीय, त्यावर अजून 15 टक्के चढवले तर रोज विनाकारण माल उतरवून ठेवावा लागेल. याउलट सगळी इंजिनं चालू असलेला टेकऑफ रोजचाच, त्यात कोणी रोटेट (नाक वर घेणं) जरा उशिरा करतो, कोणी नाक हळू उचलतो, तो फरक या 15 टक्क्यांत मावतो. ओल्या रनवेवर तर इंजिन गेलेल्या हिशेबात 35 ऐवजी 15 फूटच धरतात, वी-वन खाली आणता येतो आणि थांबायला जागा उरते.

जुनापायलट: सेसनाच्या पुस्तकात काहीही धरलेलं नाही, हे पक्कं डोक्यात ठेव. तो आकडा चांगल्या कंडिशनचं विमान, सरासरी टेक्निक आणि 50 फूट उंचीपर्यंतचा, बाकी सगळं आपणच लावायचं. ब्रिटनची सीएए (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) टेकऑफला 1.33 लावा म्हणते, तेही बाकीच्या करेक्शन झाल्यावर. आणि टक्के बेरजेत घेऊ नका रे, गुणायचे असतात! समजा 500 मीटर आले, सुकं गवत 1.2, 2 टक्के चढ 1.1, मग 1.33, म्हणजे 878 मीटर. टक्के नुसते मिळवले तर 815 च येतात, तिथेच 63 मीटर गेले. बारामतीला मे महिन्यात 40 डिग्री असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यामुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते, मैदान दोन हजारावर असूनसुद्धा. हे मी प्रत्येक नवीन पोरा-पोरींकडून कागदावर काढून घेतो, तोंडी चालत नाही.

निळंआभाळ: थँक्यू दादा, आत्ता डोक्यात शिरलं. वाऱ्याचं पण असंच का?

रनवे२७: हो, जेटच्या चार्टमध्ये समोरचा वारा अर्धाच आणि मागचा दीडपट आधीच धरलेला असतो, तिथे परत कापू नकोस. 172 च्या पुस्तकात बघ, समोरच्या 9 नॉट्सला 10 टक्के कमी होतात, मागून मात्र 2 नॉट्सलाच 10 टक्के वाढतात. म्हणून विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) सारखा फिरत असेल तर मी समोरचा वारा शून्य धरतो.