टॉक्स काढला की कॅन्सर खलास?

पेशीवेडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "टी पेशींना थकवणारा टॉक्स काढून टाका, पेशी थकणार नाहीत, कॅन्सर खलास." वाचून राहवलं नाही. टी पेशी म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, सतत लढून त्या थकतात; टॉक्स हा त्यांच्यातला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. २०१९ मध्ये उंदरांवर नेमकं हेच करून झालंय. टी पेशींना रोखणारे पीडी-१सारखे ब्रेक कमी झाले, पण ट्यूमरमधल्या त्या पेशी कामाला लागल्या नाहीत आणि टिकल्याही नाहीत. सतत चिथावणी मिळत असताना पेशी तगते ती टॉक्समुळेच.

सम्या_कोल्हापूर: पोस्ट माझीच. त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये सी-जून हा दुसरा फॅक्टर जास्त बनवणाऱ्या कार-टी पेशी (कॅन्सर ओळखायला प्रयोगशाळेत बदललेल्या टी पेशी) थकव्याला पुरून उरल्या, ते बरं गाळलंत! ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर बदलला की पेशी बदलते, एवढंच म्हणणं होतं माझं.

पेशीवेडा: एवढंच नव्हतं. "खलास" लिहिलं होतंत. आणि सी-जूनचा प्रयोगही उंदरांतलाच.

आश्लेषा: उंदीर पुरे आता. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. पीडी-१चा ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं घेतली, आईच्या पाटल्या मोडून. चार डोस झाले, गाठ वाढतच गेली. या औषधाने जोर धरतात त्या टीसीएफ-१ हा फॅक्टर असलेल्या टी पेशी, हे २०१६ पासून माहीत आहे. त्या बाबांच्या गाठीत होत्या का, हे कुणी पाहिलंच नाही.

पेशीवेडा: वाईट वाटलं. पण ती तपासणी रोजच्या उपचारात नाहीच, डॉक्टरांना दोष कसा द्यायचा?

आश्लेषा: दोष देत नाहीये. पैसे घेताना "लागू पडेलच असं नाही" हे स्पष्ट सांगायला तपासणी लागत नाही.

सम्या_कोल्हापूर: म्हणून तर आपली कार-टी हवी. आयआयटी मुंबई आणि टाटाची, २०२३ मध्ये मंजूर झालेली. परदेशाच्या दहाव्या हिश्श्यात.

आश्लेषा: दहावा हिस्सा म्हणजे तीस-चाळीस लाख! आमचं घर विकून तेवढे येत नाहीत. आणि ती बी पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरवर आहे, फुप्फुसाच्या नाही. बाबांना काय उपयोग होता?

सम्या_कोल्हापूर: माझ्या मामेबहिणीला रक्ताचाच आहे. आम्ही कर्ज काढतोय. महाग म्हणून नावं ठेवायला सोपं असतं.

आश्लेषा: नावं ठेवत नाहीये! फुप्फुसवाल्यांनी कुठे जायचं, ते विचारतेय.

पेशीवेडा: घट्ट गाठीत कार-टी पेशी लवकर थकतात, तिथेच घोडं अडलंय. सी-जून, फॉक्सओ-१ या फॅक्टरांवरचं काम त्यासाठीच चाललंय. तेवढ्यापुरतं सम्याचं बरोबर आहे.

सम्या_कोल्हापूर: "खलास" मागे घेतो. बाकी पोस्ट तशीच राहील.