मदत हवी आहे: शाळेच्या 'समावेशन' आराखड्यात नेमकं लिहायचं काय?

वैतागवाडी
नमस्कार मंडळी. शाळेच्या पालक समितीत आहे (हौसेने नाही, बैठकीला उशिरा पोचले म्हणून माझं नाव लागलं). सोमवारपर्यंत समता, विविधता आणि समावेशन यावर दोन पानी आराखडा द्यायचाय. मुख्याध्यापकांना 'दिसेल असं काहीतरी' हवंय. आतापर्यंत पोस्टर स्पर्धा आणि प्रतिज्ञा एवढंच सुचलंय. तयार मुद्दे द्या. लेक्चर नको, वेळ नाही.

चष्मिष
वर्ग कोणते? मुलं किती? आणि मुख्य म्हणजे वगळलं कोण जातंय? काही घडल्याशिवाय शाळा आराखडे मागत नाहीत, असा अनुभव आहे.

खडूमास्तर
पोस्टर सोडा, जिगसॉ करा. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला काढलेली पद्धत आहे. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि रोज भांडणं होत होती. पाच-सहा जणांचे गट करायचे, धड्याचे तितकेच तुकडे करायचे आणि प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. एकाच तुकड्याची मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे ज्याला एरवी कोणी विचारत नाही, त्याचंही ऐकावंच लागतं. माझ्या वर्गात एक मुलगी अर्धं सत्र तोंड उघडत नव्हती. ज्वालामुखीचा तुकडा तिच्याकडे आला. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा तिला म्हणतोय, "अगं हळू सांग ना, लिहून घेतोय." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

जुना_बाक
आमच्या वेळी असली थेरं नव्हती. सगळे एकत्रच असायचो.

चष्मिष
@जुना_बाक, तुमच्या वर्गात व्हीलचेअरवर कोणी होतं?

जुना_बाक
नव्हतं.

चष्मिष
का नव्हतं?

रंगारी
पोस्टर करणार असाल तर लॅमिनेशन मॅट घ्या, ग्लॉसीवर उजेड चमकतो आणि लांबून काही वाचता येत नाही. फॉन्ट जाड घ्या.

तिसरी_घंटा
@खडूमास्तर, दर धाग्यावर तुमचा जिगसॉ असतोच! नुसतं एकत्र बसवून काही होत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की गटांमधले पूर्वग्रह कमी व्हायला चार गोष्टी लागतात: बरोबरीचं स्थान, सामायिक ध्येय, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबा. आमच्या शाळेत वरच्यांचाच पाठिंबा नव्हता. सर गट पाडून स्टाफरूममध्ये गेले आणि हुशार मुलांनी सगळे तुकडे आपणच करून टाकले. बाकीचे टाळ्या वाजवायला.

खडूमास्तर
मग तो जिगसॉ नव्हताच. सर वर्गात थांबले असते तर...

तिसरी_घंटा
हो, आणि पाऊस पडला नसता तर भिजलो नसतो.

वैतागवाडी
अहो, भांडू नका. पाचवी ते दहावी. घडलंय ते असं: सातवीतला एक मुलगा व्हीलचेअर वापरतो. नाटकाच्या तालमी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, लिफ्ट नाही. तीन आठवडे सगळा वर्ग वर आणि तो खाली वर्गात एकटा. बाईंनी त्याला 'वर्गावर लक्ष ठेव' असं काम दिलं होतं. रिकाम्या वर्गावर! त्याच्या आईने पत्र लिहिलं, मग समिती झाली. पण आराखडा सगळ्यांसाठी हवा, एकासाठी नाही, म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

चष्मिष
हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! तालमी तळमजल्यावर आणा. झाला पहिला मुद्दा. याला आराखडाही लागत नाही, किल्ली लागते.

रंगारी
आणखी एक. पोस्टरवर लाल-हिरवं शेजारी शेजारी नको. तो रंगांधळेपणा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त. माझ्या भाच्याला विज्ञानाच्या तक्त्यातल्या लाल आणि हिरव्या खुणा कधी वेगळ्या दिसल्याच नाहीत. त्याला वाटायचं, आपण ढ आहोत.

तिसरी_घंटा
@रंगारी, तुम्ही चुकून कामाचं बोललात :)
धागाकर्त्या बाई, 'एकासाठी नाही' हे वाक्य मात्र खटकलं. सगळ्यांना तोच जिना दिला, ही झाली समानता. समता म्हणजे प्रत्येकजण वर पोचतोय का ते बघणं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या १९९४ च्या सालामान्का जाहीरनाम्यावर ९२ सरकारं एकत्र आली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळा बदला, हाच त्याचा गाभा.

जुना_बाक
लेक्चर नको म्हणाल्यात त्या.

मोजपट्टी
मला फक्त सांगा, तळमजल्याला पायऱ्या किती? तळमजल्यावरचं स्टेज किती उंच? रॅम्पचा उतार १:१२ धरतात, म्हणजे उंचीच्या बारा पट लांबी. फळी टाकून ढकलत नेणं म्हणजे रॅम्प नव्हे.

अनामिक_पालक
आणि त्या मुलाला विचारलं का? संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार (१९८९), कलम १२: मुलाशी संबंधित बाबीत त्याचं म्हणणं ऐकायला हवं. समितीत एकही मूल नाही, असं वाटतंय.

वैतागवाडी
नव्हतं विचारलं. काल त्याच्या आईच्या परवानगीने विचारलं. मी गृहीत धरलं होतं की त्याला भूमिका हवी असेल. तो म्हणाला, "मला ॲक्टिंग येत नाही काकू, लाइट्स करायचेत." वर एक यादीच दिली: वाचनालयाचं दार आत उघडतं, खुर्ची अडते, सहलीच्या फॉर्ममध्ये त्याच्यासाठी रकानाच नसतो, आणि त्याच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव सगळे शिक्षक चुकीचं उच्चारतात, तिने सांगणं सोडून दिलंय. हे शेवटचं त्याने न विचारता सांगितलं. पोस्टर स्पर्धा खोडली. प्रतिज्ञा राहू दिली, मुख्याध्यापकांना हवी आहे.
@मोजपट्टी, तळमजल्याच्या हॉलला बाहेरून थेट आत जाता येतं, पण दिव्यांचा बोर्ड स्टेजवर आहे. स्टेजला १५ सेंमीच्या चार पायऱ्या आणि बाजूला सरळ सहाच मीटर जागा. बसेल?

मोजपट्टी
उंची ६० सेंमी, म्हणजे उतार ७.२ मीटर लागेल. सरळ बसणार नाही. ३.६ मीटर चढ, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा, तिथून मागे वळून पुन्हा ३.६. लांबी ५.१ मीटर होईल. रुंदी किती मिळते ते मोजून सांगा, आणि बोर्ड बसल्याजागी हाताला येतो का तेही बघा. बऱ्याचदा तो उभ्या माणसाच्या डोक्याशी असतो.

वैतागवाडी
आहे. डोक्याशीच आहे.

खडूमास्तर
बोर्ड खाली घ्यायला किती वेळ लागतो? आणि तोवर मधल्या सुट्टीत जिगसॉ...

तिसरी_घंटा
मास्तर!