मिंट टाकताना मोकळी जागा 'अनयूझेबल' दिसतेय, काय करू?

खटपट्या:
जुना लॅपटॉप, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. ते तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम टाकायचीय. डी ड्राइव्ह श्रिंक करून १०० जीबी मोकळे केले. पण मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' (जागा स्वतः निवडायचा पर्याय) निवडलं की त्या जागेसमोर 'अनयूझेबल' येतं, अधिकचं बटण दाबलंच जात नाही. डिस्क गेली का? डी वर सगळे फोटो आहेत, पुढे हात लावायला धजत नाहीये.

रात्रपाळी:
डिस्क ठणठणीत आहे. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि गडद निळ्या पट्टीचे चौकोन किती ते सांगा.

खटपट्या:
चार. सिस्टम रिझर्व्हड, रिकव्हरी, सी, डी. शेवटी काळ्या पट्टीचे १०० जीबी. तिथेच पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) करायला गेलो तर 'डायनॅमिक डिस्क' करू का म्हणाला. घाबरून नो केलं.

रात्रपाळी:
वाचलात! डायनॅमिक ही विंडोजची वेगळी मांडणी, नेहमीची ती बेसिक. येस केलं असतं तर परत बेसिक करायला विंडोज सगळे व्हॉल्यूम पुसायला लावतं.
तुमची डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. तिच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या नोंदींना फक्त ६४ बाइट, एका नोंदीला १६. म्हणजे चारच नोंदी. कंपनीने चारही प्रायमरी (थेट या नोंदींत बसणारे) पार्टिशन करून ठेवलेत, पाचवं लिहायचं कुठे?

नवाकोरा:
एवढं कशाला? एमबीआर२जीपीटी हे विंडोजचं टूल चालवा, डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत जाते, डेटा जात नाही.

रात्रपाळी:
तीनपेक्षा जास्त प्रायमरी असले की ते नकारच देतं. शिवाय मशीनमध्ये यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, संगणक सुरू करणारं सॉफ्टवेअर) नसेल तर जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरूच होणार नाही. जुन्या मशीनवर नको तो उपद्व्याप.
खटपट्या, आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसते कॉपी करून थांबू नका, पाचपन्नास उघडून बघा. मग डी डिलीट करा आणि त्याच जागेत हवा तेवढाच नवा डी बनवा. तीन प्रायमरी आधीच असल्यामुळे विंडोज आपणहून एक्स्टेंडेड पार्टिशन (आत आणखी पार्टिशन मावणारा डबा) करतं, भोवती हिरवी चौकट दिसेल. उरलेली जागा त्या चौकटीतच मोकळी ठेवा. मिंट लॉजिकल, म्हणजे त्या चौकटीतल्या, पार्टिशनवर मजेत चालतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता पुढच्या वेळी झटपट सुरू व्हायची सोय) मात्र बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येणार नाही.

खटपट्या:
झालं! फोटो उतरवण्यातच अख्खी संध्याकाळ गेली, बाकी काम अर्ध्या तासाचं. मिंटमध्ये डिस्कचं नाव एसडीए; डी आता एसडीए ५ दिसतो, मिंट एसडीए ६ वर. मध्ये ४ गायबच आहे की?

रात्रपाळी:
४ म्हणजे ती हिरवी चौकट. लॉजिकलची मोजणी ५ पासूनच. बूटलोडर (सुरुवातीला विंडोज की मिंट हा मेनू दाखवणारा प्रोग्राम) कुठे टाकलात?

खटपट्या:
नुसत्या एसडीएवर, आकडा न लावता. मेनूत दोन्ही दिसतायत, दोन्ही उघडतायत.